पोस्टमध्ये बघू

लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी आणि पाहुणे यांच्या बरोबर मधे उभं राहून सगळ्या गावाला आपली पाठ दाखवणारा एक माणूस असतो. अक्षता त्याच्याच डोक्यावर जास्त पडतात. लग्नसराई संपली की हा माणूस जातो कुठं? तर तो रॅपची गाणी शूट करतो.

पुण्यात दांडेकर पुलापासून पर्वती पायथ्यापर्यंत त्याला सगळे 'डायरेक्टर' म्हणतात. रेशनकार्डावर त्याचं काहीतरी वेगळं नाव असणार, पण ते त्याच्या आईलाही चटकन आठवत नसावं. व्हिजिटिंग कार्डावर नावाऐवजी कामांची यादीच छापली आहे : वेडिंग, प्री-वेडिंग, डोहाळजेवण, बारसं, रॅप साँग. त्याखाली बारीक अक्षरात 'ड्रोन मिळेल.' आपण या माणसाला पुण्याचा समजतो, पण तो कराडला आहे, लातूरला आहे, अमरावतीत तर नक्कीच आहे. चार पोरं हातवारे करत यमक जुळवायला लागली की पाचवा हा उगवतोच.

अंगात काळा टी-शर्ट आणि मोजता येणार नाहीत इतक्या खिशांची पॅन्ट. उजवीकडच्या खिशात चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि डावीकडच्या खिशात संपलेल्या. मांडीवरच्या एका खिशाला चेन आहे. त्यात मेमरी कार्डं असतात. एका कार्डात कुणाच्या तरी मुलीचं आख्खं लग्न असतं, त्यामुळे तो बोलताना सारखा मांडी चाचपतो. नव्या माणसाचा गैरसमज होतो.

त्याच्या बोलण्यात मोजून तीन वाक्यं आहेत. पहिलं, "लाइट चाललाय." हे तो सकाळी सातलाही म्हणतो आणि दुपारी बारालाही. दुसरं, "फील येत नाहीये." हे बहुतेक कलावंताच्या तोंडाकडे बघून. आणि तिसरं, ज्याच्यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे, ते म्हणजे "पोस्टमध्ये बघू." शूटिंग झाल्यावर कॉम्प्युटरवर जे काही काटछाटीचं आणि रंगरंगोटीचं काम होतं, त्याला ही मंडळी पोस्ट म्हणतात. फ्रेममध्ये केबलच्या वायरी आल्या? पोस्टमध्ये बघू. मागे नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला? पोस्टमध्ये बघू. गायकाला मिशी फुटलेली नाही? जरा वेळ विचार करून, "बघू पोस्टमध्ये."

माझा त्याच्याशी संबंध आला तो भाच्यामुळे. भाचा बी.कॉम. झाला, एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि रात्री रॅप लिहितो. आमच्या ताईला हा प्रकार सुरुवातीला मुळीच मान्य नव्हता. "हे काय बडबडणं? दम लागल्यासारखं!" असं तिचं मत होतं. मग फेब्रुवारी 2023 मध्ये ताडीवाला रस्त्यावरचा एमसी स्टॅन 'बिग बॉस'चा सोळावा सीझन जिंकला, सलमान खानशेजारी उभा राहिलेला टीव्हीवर दिसला, आणि पुण्यातल्या असंख्य आयांचं रॅपविषयीचं मत एका रात्रीत पालटलं. ताई आता शेजारणींना सांगते, "आमचा पण करतो. पण शिव्या नाही घालत." हे दुसरं वाक्य तितकंसं खरं नाही.

गाणं तयार झालं होतं. बीट यूट्यूबवरून घेतलेली. अशा बीटला 'टाइप बीट' म्हणतात. म्हणजे अमक्या प्रसिद्ध रॅपरला शोभेल अशा धर्तीवर कुणीतरी परदेशातल्या खोलीत बसून बनवलेली. ऐकायला फुकट, पण गाण्यावर पैसे कमवायचे तर लायसन्स घ्यावं लागतं. मधेमधे त्या बनवणाऱ्याच्या नावाचा एक कुजबुजता आवाज येतो. पैसे भरले की तो आवाज नसलेली फाइल मिळते. भाच्यानं पैसे भरले नव्हते. आवाजाचं रेकॉर्डिंग मित्राच्या घरी गोदरेजच्या कपाटाला दोन्ही बाजूंनी गाद्या लावून केलं होतं. पैशाचा व्यवहार भाचीकडे. ती पतसंस्थेत कामाला आहे आणि पावतीशिवाय सख्ख्या भावालाही दहा रुपये देत नाही. डायरेक्टर जगात कुणाला भीत असेल तर तिला.

डायरेक्टरनं एका कानात हेडफोन घालून गाणं ऐकलं. दुसऱ्या कानावर त्याच वेळी एका नवरीच्या बापाचा फोन होता. "साहेब, अल्बम लॅबला दिलाय," असं तिकडे सांगून झाल्यावर त्यानं इकडे निकाल दिला : "मटेरियल आहे. पण स्ट्रगल दिसला पाहिजे."

इथून खरी गंमत सुरू झाली, कारण स्ट्रगल घरात सापडेना.

ताईचं घर पुनर्वसनाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, आणि मुख्य म्हणजे चालते. भिंतींना फिकट पिवळा रंग, खाली टाइल्स, दाराशी तोरण, हप्ते नुकतेच फिटलेला दोन दारी फ्रिज. डायरेक्टरनं उंबऱ्यात उभं राहून सगळ्या घरावर नजर फिरवली आणि त्याचा चेहरा पडला. "काकू, हे फार चांगलं आहे हो," तो म्हणाला. ताईला आधी स्तुती वाटली.

फ्रिज तोंडानं भिंतीकडे फिरवण्यात आला. टीव्हीवर गोधडी पडली. चार बर्नरची काचेची शेगडी ओट्याखाली गेली आणि शेजारून जुनी दोन बर्नरची आली, तीही त्या बाईंनी घासून लखलखीत करून दिली, कारण शूटिंगला जाणार होती. भाच्याच्या आजी खाटेवरून हे सगळं पाहत होत्या. "घर विकायला काढलं का काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यात ताई पैठणी नेसून आली.

"काकू, जुनी साडी नाही का एखादी? फिकी, विटलेली?"

"जुन्या सगळ्या बोहारणीला दिल्या. स्टीलचा डबा घेतला," ताई म्हणाली. "आणि आमच्याकडं काय कमी आहे म्हणून मी विटकी नेसू? लोकांनी बघितलं तर म्हणतील, पोरगा गाणी म्हणतो आणि आईला साडी नाही."

डायरेक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मामा हा घरातल्या वाटाघाटींसाठीच असतो. शेवटी रोजची सुती नेसायची आणि वर पदर डोक्यावरून घ्यायचा, यावर तडजोड झाली. ताईनं आयुष्यात कधी डोक्यावरून पदर घेतलेला नाही.

मला या स्ट्रगलच्या आग्रहाचं नेहमी नवल वाटतं, कारण हिप-हॉपची जी जन्मकथा सगळे सांगतात ती वेगळीच आहे. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या तळाच्या हॉलमध्ये एक पार्टी झाली. रेकॉर्ड वाजवत होता डीजे कूल हर्क. पण पार्टी ठरवली होती त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं. शाळा सुरू व्हायची होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट प्रवेश. म्हणजे सोसायटीच्या हॉलमध्ये तिकीट लावून बहिणीनं स्वतःच्या खरेदीचे पैसे उभे केले आणि त्यातून जगभरची एक चळवळ निघाली. हे मी डायरेक्टरला सांगितलं. भाची म्हणाली, "बघ, हिशोब तेव्हाही बहिणीकडंच होता." डायरेक्टर म्हणाला, "मामा, भारी आहे, पण ते व्हिज्युअली येणार नाही."

मग स्ट्रगल बाहेर शोधायचं ठरलं. इमारतीच्या मागच्या गल्लीत अजून पत्र्याची घरं आहेत. एका पत्र्याच्या दाराशी भाच्याला उकिडवा बसवून डायरेक्टर कॅमेरा लावतो न लावतो तोच दार उघडून एक आजीबाई बाहेर आल्या. कंबरेवर हात. "कुणाचा रे तू?" भाच्यानं इमारतीकडे बोट दाखवलं. "मग तुमची गरिबी दाखवा ना. आमची कशाला नेता?" असं म्हणून त्यांनी बादलीभर पाणी दारात ओतलं. हिप-हॉपवर मी आतापर्यंत बरंच काही वाचलं आहे. इतकी नेमकी समीक्षा दुसरी वाचलेली नाही.

पाण्यामुळे जमीन चमकायला लागली आणि डायरेक्टरच्या डोळ्यांत एकदम फील आला. "रिफ्लेक्शन! मामा, रिफ्लेक्शन!" तो त्या चिखलात पोटावर झोपला आणि त्यानं तो शॉट घेतला. व्हिडिओत तो शॉट आहे. फार सुंदर आहे.

हे सांगायलाच हवं की माणूस कामाला पक्का आहे. त्याची थट्टा करणं सोपं आहे, त्याच्यासारखं उजेड ओळखणं सोपं नाही. ताईच्या स्वयंपाकघरात एकच खिडकी, तीही डक्टमध्ये उघडणारी. तिथं दिवा लावला तर सगळं लग्नाच्या जेवणावळीसारखं पांढरंफटक दिसतं, हे त्याला दिवा न लावताच कळलं. त्यानं फळीवरची मोठी स्टीलची परात मागितली, ती माझ्या हातात देऊन मला खिडकीपाशी उभं केलं आणि "मामा, अजून थोडी तिरकी... बास, हलू नका," करत खिडकीतला मूठभर उजेड बरोबर ताईच्या हातांवर पाडला. मग तिला म्हणाला, "काकू, भाकरी थापायची नाही. नुसते हात झाडा." ताईनं पिठाचे हात झाडले. ज्वारीचं पीठ त्या तिरप्या उजेडात उडालं आणि सावकाश खाली यायला लागलं. आम्ही सगळे गप्प झालो. धुराचं मशीन आणलं असतं तर दिवसाचं भाडं द्यावं लागलं असतं. हे वाटीभर पिठात झालं.

अडचण एकच होती. ताई दर वेळी कॅमेऱ्याकडे बघून हसायची. तिचाही दोष नाही. याच पोरानं पुतणीच्या लग्नात तिला दिवसभर "काकू, इकडं बघा, स्माइल" केलं होतं. आता तोच म्हणत होता, "काकू, माझ्याकडं बघू नका आणि हसू तर अजिबात नका." शेवटी भाचीनं युक्ती काढली. ऐन शॉटमध्ये म्हणाली, "आई, ह्या महिन्याचं लाइटबिल किती आलंय माहितीये?" ताईच्या चेहऱ्यावर जो स्ट्रगल उमटला, त्याला पोस्टमध्ये हात लावायची गरज पडली नाही.

त्या खोलीत तो एक फुगीर काचेची लेन्सही लावून होता. फिश-आय. ही लेन्स रॅपच्या व्हिडिओत रुजवली हाइप विल्यम्स नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकानं, नव्वदच्या दशकात. 1997 सालच्या मिसी एलियटच्या 'द रेन' या गाण्यात ती फुगवलेला काळा पोशाख घालून नाचते आणि कॅमेरा तिच्या तोंडाला इतका खेटलेला असतो की सगळं जग तिच्याभोवती वाकलेलं दिसतं. विल्यम्सनं हे शैली म्हणून केलं. आमच्या डायरेक्टरकडे कारण निराळं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरकायला जागाच नसते आणि फिश-आयमध्ये आख्खी खोली, माळ्यावरच्या सुटकेससकट, मावते. एवढंच की पुढच्या माणसाचं नाक बटाट्याएवढं होतं. भाच्याचं आधीच आमच्या घराण्याचं आहे.

दुपारनंतर श्रीमंती होती.

रॅपच्या व्हिडिओचा हा शिरस्ता आहे. पहिल्या कडव्यात पोरगा उपाशी, दुसऱ्या कडव्यात त्याच्या गळ्यात साखळ्या. मधल्या सोळा मात्रांत नेमकं काय झालं, नोकरी लागली की वारसा मिळाला, हे कुणी विचारत नाही. साखळ्या तुळशीबागेतून आणल्या. दुकानदारानं "नवरीसाठी दाखवू का करवलीसाठी?" असं विचारलं तेव्हा भाचा लाजला. पुण्यात गळ्यात खरं सोनं घालून हिंडणाऱ्या पुरुषांची वाण कधीच नव्हती, पण ते सोनं उसनं देत नाहीत. नोटा उडवायचा शॉट भाचीनं जागीच नामंजूर केला. खऱ्या देणार नाही आणि खोट्या बाळगू देणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

गाडीसाठी भागातल्या एका भाऊंची थार मिळाली. एक तासासाठी. अट अशी की गाडीत भाऊ स्वतः बसणार. त्यामुळे दुसऱ्या कडव्यात भाचा बॉनेटवर बसून "मी एकटाच आलो, एकटाच लढलो" अशा आशयाचं काही म्हणतो तेव्हा मागे काचेतून पांढऱ्या शर्टातले भाऊ हात जोडून नमस्कार करताना दिसतात. महापालिकेच्या निवडणुका डोळ्यांपुढे असतील तर माणूस कॅमेरा दिसताच हात जोडतो, त्याला इलाज नाही. "पोस्टमध्ये बघू," डायरेक्टर मला कानात म्हणाला. भाऊ पोस्टमध्येही निघाले नाहीत.

मागे उभं राहायला पन्नास पोरं लागणार होती. ती गोळा करावी लागत नाहीत. 'शूटिंग' हा शब्द उच्चारला की येतात. सगळ्यांना वडापाव. पण पहिल्या रांगेत कोण आणि भाच्याच्या खांद्यावर हात कुणाचा, यावरून जे राजकारण झालं ते भाऊंनाही मिटवता येईना. शेवटी डायरेक्टरनं वरातीतली युक्ती काढली. "सगळ्यांचा येणार, फिरत राहा, फिरत राहा!" पोरं गोल फिरायला लागली. त्याच वेळी वर ड्रोन गेला. हा ड्रोन 249 ग्रॅमचा, आपल्या पाकिटापेक्षा थोडा जड. मुठेच्या काठावर घारी पुष्कळ, आणि घारींना तो आवडत नाही. एक घार झेपावली, ड्रोननं कोलांटी खाल्ली, आणि व्हिडिओत जी जबरदस्त गिरकी आहे, ज्याबद्दल लोक डायरेक्टरला अजून विचारतात, ती घारीची आहे. तो सांगत नाही.

आता माझ्या वॅगनआरचं सांगतो. माझी गाडी थारच्या शेजारी उभी राहिली तेव्हा डायरेक्टर आदरानं म्हणाला होता, "मामा, ही फ्रेममध्ये नको." पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला तीच हवी होती, कारण तिची डिकी वर उघडते. चालत्या गाडीच्या डिकीत कॅमेरा घेऊन बसायचं आणि मागून चालत येणाऱ्या गायकाला टिपायचं, ही या धंद्यातली जुनी, स्वस्त आणि उत्तम सोय. त्यातून डायरेक्टरला हा शॉट स्लो मोशनमध्ये हवा होता. गायक संथ, हवेत तरंगल्यासारखा चालला पाहिजे, पण ओठ मात्र गाण्याबरोबर हलले पाहिजेत. याचं गणित असं : कॅमेऱ्यानं सेकंदाला पन्नास चित्रं घ्यायची आणि दाखवताना पंचवीस दाखवायची. चाल निम्मी होते. पण मग ओठही निम्मे हलतात. म्हणून शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि गायकानं दुप्पट वेगानं म्हणायचं.

भाच्याचा रॅप आधीच असा, की श्वास कुठं घेतो ते कळत नाही.

तळजाईच्या वाटेवर पहाटे साडेसहाला मी पहिल्या गिअरमध्ये गाडी हाकतोय, डिकीत डायरेक्टर पालथा पडलाय, तो घसरू नये म्हणून त्याच्या पायावर भाची बसलीये. स्पीकरवर चिमणीच्या आवाजात भाच्याचं गाणं. आणि मागून भाचा स्वतः, गळ्यात साखळ्या, दोन्ही हात फेकत, तोंडानं काहीतरी भयंकर वेगानं ओरडत गाडीच्या मागे मागे पळतोय. टेकडीवर फिरायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून जे समजायचं ते समजलं. उघड्या डिकीची गाडी, आत पाय बांधल्यासारखा पडलेला इसम, मागे आक्रोश करत धावणारा तरुण. दोन आजोबा काठ्या उगारून गाडीला आडवे आले. एकानं माझ्या काचेवर टकटक केली. दुसऱ्यानं भाच्याला धीर दिला, "घाबरू नकोस बाळ, नंबर लिहून घेतलाय." समजूत पटवायला बराच वेळ गेला. पटल्यावर त्यांतले एक आजोबा निवृत्त तबलजी निघाले. त्यांनी भाच्याला पुन्हा म्हणायला लावलं, बोटांवर मात्रा मोजल्या आणि सांगितलं, "तिसऱ्या ओळीत तू समेवर उशिरा येतोस." भाच्यानं ती ओळ दुरुस्त केली. म्हणजे गाणं परत गादीच्या कपाटाशी गेलं.

पुढे डायरेक्टर काही दिवस मौत का कुआँ शोधत हिंडत होता. केरळच्या हनुमानकाइंड या रॅपरचं 'बिग डॉग्ज' 2024 च्या जुलैत आलं आणि पार अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत गेलं. बिजॉय शेट्टीनं त्याचा व्हिडिओ पोन्नानीच्या जत्रेतल्या तसल्या विहिरीत, खऱ्या मोटारसायकली आणि खरी मोटार भिंतीवर पळवून घेतला. तेव्हापासून देशभरातल्या सगळ्या डायरेक्टरांना विहीर हवी झाली आहे. आमच्याकडे जत्रांचा हंगाम नव्हता. भाच्याला इमारतीच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत सायकलवर उतरवायचा विचार ताईनं एका शब्दात संपवला. तो शब्द गाण्यात असता तर बीप करावा लागला असता.

आणि मग तुळशीचं लग्न झालं.

डायरेक्टर दिसेनासा झाला. फोन केला की मागे सनई किंवा डीजे. "सेव्हंटी पर्सेंट झालंय" हे उत्तर चार महिने आलं. त्याच्या कॉम्प्युटरवर भाच्याचं गाणं एका हळदीच्या आणि एका डोहाळजेवणाच्या फोल्डरच्या मधे पडून होतं, आणि शेजार म्हटला की देवाणघेवाण होतेच. धायरीच्या एका लग्नाच्या कॅसेटमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हमध्ये, मंगलाष्टकं संपून टाळ्या पडतात त्या क्षणी साखळ्या घातलेला एक तरुण अर्धा सेकंद बोट रोखून जातो असं म्हणतात. नवरीकडचे समजतात तो नवऱ्याकडचा, नवऱ्याकडचे समजतात तो नवरीकडचा. इकडे भाच्याच्या गाण्यात, तो पहिल्यांदा थारमधून उतरतो तेव्हा, दोन्ही बाजूंनी जोडप्याच्या एंट्रीला सोडतात ती थंड आतषबाजी उडते. डायरेक्टरला ती वेगळी वाटतच नाही. त्याच्या लेखी कुणीही कुठूनही आत आलं की ती उडते.

व्हिडिओ बघून मला एक गोष्ट खटकली ती खटकलीच. सकाळी त्यानं भाच्याला होता त्यापेक्षा गरीब करून दाखवला आणि संध्याकाळी होईल त्यापेक्षा श्रीमंत. मधला जो पोरगा आहे, बी.कॉम. झालेला, मोबाईलचे डिस्प्ले बदलणारा, फ्रिजचे हप्ते भरणारा, तो त्या गाण्यात कुठंच नाही. आणि यमकं तर त्याची आहेत. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं 2014 मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि आयपॅडवरच चित्रित केलं. त्यात ना थार होती ना ड्रोन, पण गल्ली त्याची होती आणि शेजारीही त्याचे. पुढं डिव्हाइनबरोबर त्यानं 'मेरे गल्ली में' केलं, आणि त्या दोघांच्या आयुष्यावरून झोया अख्तरचा 'गली बॉय' 2019 मध्ये आला. 'स्वदेशी' या रॅप गटाच्या पोरांनी त्याच साली 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात मुंबईतल्या आरेचे आदिवासी प्रकाश भोईर आहेत. ज्यांच्या जमिनीचं गाणं तेच गाण्यात. त्या आजीबाईंनी बादली ओतली नसती तिथं.

हे सगळं मी डायरेक्टरला बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मांडी चाचपली. "मामा, बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "पण पोरं मला तसं दाखव म्हणत नाहीत. नवरीपण म्हणत नाही. लग्नात कोणी आहे तसं दाखव म्हणालंय का?" यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि तेवढ्यात त्याचा लाइट चालला होता.

गाणं लागलं. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी बघितलं. भाऊंनी स्वतःच्या स्टेटसला ठेवलं, फक्त स्वतः दिसतात तेवढा तुकडा. खाली जी वाहवा झाली त्यातली निम्मी पिठाच्या शॉटला होती, आणि ताई ती रोज जेवणानंतर मोठ्यानं वाचून दाखवते. आजींनी बघून "शेगडी शेजारणीला परत दिली का?" असं विचारलं. सर्वांत शेवटी, काळ्या पडद्यावर, दोन सेकंद डायरेक्टरचं नाव येतं. त्यातही एक अक्षर चुकलं आहे आणि ते त्यानं स्वतःच टाइप केलं आहे.

माझं मत विचाराल तर गाणं बरं आहे, व्हिडिओ उत्तम आहे, आणि दोन्हींचा एकमेकांशी फार संबंध नाही. तुमच्या घरात कुणी रॅप करत असेल तर डायरेक्टरला पावसाळ्यातच गाठा. तुळशीच्या लग्नानंतर तो फोन उचलत नाही आणि मे महिन्यात तर मुळीच नाही. पंधरा हजार सांगतो, भाची बरोबर असेल तर बारा घेतो. ड्रोनचे वेगळे. परात मात्र घरची लागते.